डॉक्युमेंटेशन नसलेल्या लायब्ररीतली फंक्शनं कशी शोधायची

हातात एक फाइल येते. नावाच्या शेवटी डॉट डीएलएल किंवा डॉट एसओ असतं, म्हणजे ती विंडोजची किंवा लिनक्सची लायब्ररी, इतर प्रोग्रामांनी वापरायच्या फंक्शनांचा तयार संच. सोबत काहीच नसतं. हेडर (फंक्शनांची नावं आणि त्यांना काय लागतं ते सांगणारी फाइल) नाही, उदाहरण नाही, ज्यानं ती लिहिली तो माणूस कधीच दुसऱ्या कामाला लागलेला. काम मात्र त्याच फाइलकडून करून घ्यायचं असतं. नवीन माणूस इथे एकतर हात टेकतो, नाहीतर कुठूनतरी नावांची यादी काढतो आणि अंदाजानं फंक्शन कॉल करायला लागतो. दुसरा मार्ग बरा, पण नाव सापडलं म्हणजे फंक्शन सापडलं असं नाही. नाव पाच मिनिटांत मिळतं. त्याला किती आर्ग्युमेंट (पुरवायच्या किमती) लागतात, ते परत काय देतं आणि त्यानं घेतलेली मेमरी मोकळी कोणी करायची, हे कळेपर्यंत ते फंक्शन आपल्या उपयोगाचं नाही. म्हणून नावं शोधण्याचा भाग मी भरभर सांगणार आहे आणि त्यापुढच्या भागावर जास्त थांबणार आहे.

एक सूचना आधीच देतो. आज्ञा आणि नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

फाइल उघडण्याआधी आजूबाजूला बघा

हे सांगायची गरज वाटू नये, पण बरेच जण हे टाळून थेट डिसअसेंब्लीत (मशीन कोडच्या वाचता येणाऱ्या रूपात) शिरतात आणि दोन दिवस घालवतात. लायब्ररी ज्या फोल्डरमध्ये होती तो पूर्ण चाळा. टेस्ट, उदाहरणांचे फोल्डर, बदलांची नोंद ठेवणारी फाइल, पायथन असेल तर डॉट पीवायआय नावाच्या टाइप-फाइली, जुन्या आवृत्तीसोबत आलेलं हेडर, यांपैकी काहीही मिळालं तरी निम्मं काम झालं. लिनक्सवर तेच पॅकेज 'डेव्ह' या शेपटीसह वेगळं मिळतं का ते बघा, हेडर त्यात असतात. आणि सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ही लायब्ररी आधीपासून वापरणारा एखादा चालता प्रोग्राम. तो असेल तर जपून ठेवा, पुढे तोच सगळ्यात जास्त बोलणार आहे.

परवान्याच्या अटीही याच वेळी वाचा. काही परवाने फाइल उलगडून बघायला मनाई करतात, आणि ही गोष्ट काम संपल्यावर कळून उपयोग नसतो.

फाइल अनोळखी ठिकाणाहून आली असेल तर ती नुसती लोड करणंही धोक्याचं आहे. लायब्ररी लोड होताना तिच्यातला काही कोड आपोआप चालतो: विंडोजवर डीएलएल-मेन, लिनक्सवर कन्स्ट्रक्टर फंक्शनं. लिनक्सवरची एलडीडी ही आज्ञा निरुपद्रवी वाटते, पण काही परिस्थितीत ती समोरचा प्रोग्राम प्रत्यक्ष चालवू शकते, हा इशारा तिच्या स्वतःच्या मॅन्युअलमध्येच आहे. अवलंबून असलेल्या लायब्रऱ्यांची यादी हवी असेल तर ऑब्जडम्प -पी चालवा आणि त्यात 'नीडेड' लिहिलेल्या ओळी बघा. ती आज्ञा फाइल फक्त वाचते, चालवत नाही. पुढचे प्रयोगही व्हर्च्युअल मशीनमध्ये आणि फाइलच्या प्रतीवर करा.

ती फाइल आहे तरी काय

लिनक्स किंवा मॅकवर 'फाइल' ही आज्ञा चालवली की एका ओळीत उत्तर मिळतं: कोणत्या प्रकारची, ३२-बिट की ६४-बिट, कोणत्या प्रोसेसरसाठी. हेक्स एडिटरमध्येही सुरुवातीची अक्षरं ओळख देतात. विंडोजची फाइल 'एमझेड' या दोन अक्षरांनी सुरू होते (मायक्रोसॉफ्टचे अभियंता मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं), जावाची क्लास फाइल हेक्समध्ये 'कॅफेबेब' असं वाचता येणाऱ्या चार बाइटनी, आणि जार फाइल म्हणजे सरळ एक झिप.

हे आधी बघायचं कारण असं, की पुढचा रस्ता यावरच ठरतो. डॉटनेटची डीएलएल असेल तर आयएलस्पायमध्ये उघडा, जवळजवळ मूळ कोडच समोर येतो. जावाच्या क्लाससाठी जावापी -पी ही आज्ञा खासगी मेथडसकट सगळं छापते, प्रकारांसह. या दोन्हींत फंक्शनची पूर्ण सही (आर्ग्युमेंट किती, कोणत्या प्रकारची आणि परत काय मिळतं) फाइलमध्येच लिहिलेली असते, त्यामुळे तिथे शोधाशोध फारशी उरत नाही.

पायथनचं मॉड्यूल असेल तर आधी त्याचं डबल-अंडरस्कोर-फाइल हे गुणधर्म छापा. तो मार्ग डॉट पीवाय फाइलकडे जात असेल तर सरळ ती फाइल उघडून वाचा. यासारखं सोपं काही नाही. डिर नावं देतं, हेल्प वर्णन देतं आणि इन्स्पेक्ट मॉड्यूलमधलं सिग्नेचर आर्ग्युमेंट दाखवतं. नाव एका अंडरस्कोरनं सुरू होत असेल तर लेखकाला ते बाहेरच्यांनी वापरायला नको होतं. वापरता येतं, पण पुढच्या आवृत्तीत ते असेलच असं धरू नका. डिरची यादी पूर्ण असेलच असंही नाही. पायथन ३.७ पासून मॉड्यूलला स्वतःचं गेटअ‍ॅट्र लिहिता येतं, आणि त्यातून येणारी नावं कोणी मागितल्याशिवाय जन्मालाच येत नाहीत.

राहिली सी, सी++ आणि तत्सम भाषांमधून कंपाइल झालेली फाइल. बाकीचा लेख तिच्याबद्दल आहे.

नावांची यादी काढणं

लायब्ररी कितीही गुप्त ठेवली असली तरी ती बाहेरून वापरता यावी म्हणून तिला काही नावं उघडी ठेवावीच लागतात. लिनक्सवर ती डायनॅमिक सिम्बॉल टेबलमध्ये असतात, विंडोजवर एक्स्पोर्ट टेबलमध्ये. 'स्ट्रिप' करून फाइलमधली इतर नावं पुसून टाकता येतात, पण हे टेबल काढलं तर लोडरलाच काही सापडणार नाही, म्हणून ते शिल्लक राहतं.

लिनक्सवर आज्ञा आहे एनएम, पुढे डॅश आणि कॅपिटल डी, मग --डिफाइन्ड-ओन्ली आणि फाइलचं नाव. मॅकवर एनएम -जीयू, यातला यू कॅपिटल. विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं डम्पबिन, स्लॅश एक्स्पोर्ट्स. एनएमच्या प्रत्येक ओळीत नावाआधी एक अक्षर येतं. कॅपिटल टी म्हणजे कोड, आपल्याला हवं ते. डी, बी किंवा आर म्हणजे डेटा, तो फंक्शनसारखा कॉल केला तर प्रोग्राम कोसळेल. डब्ल्यू म्हणजे वीक सिम्बॉल, त्याच नावाची दुसरी पक्की व्याख्या आली तर मागे सरणारं नाव. --डिफाइन्ड-ओन्ली न लावल्यास यू अक्षराच्या ओळीही दिसतात. ती नावं या लायब्ररीतली नसून तिनं दुसरीकडून मागवलेली असतात. नवखा माणूस हमखास इथे फसतो: यादीत 'मॅलॉक' दिसतं आणि वाटतं ते इथेच आहे.

विंडोजच्या यादीत दोन गोष्टी वेगळ्या दिसतील. काही फंक्शनांना नावच नसतं, फक्त ऑर्डिनल म्हणजे क्रमांक असतो. तो क्रमांक पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवताना आवृत्ती पक्की करा. दुसरं, काही नावं फॉरवर्ड केलेली असतात. कर्नेल३२ मधलं हीपअ‍ॅलॉक हे प्रत्यक्षात एनटीडीएलएलमधल्या आरटीएलअ‍ॅलोकेटहीपकडे बोट दाखवतं. खरा कोड तिकडे असतो, तो इथे शोधण्यात वेळ घालवू नका.

यादी अगदीच छोटी निघाली तर निराश होऊ नका, ते छोटेपणच एक खूण आहे. एकच नाव, 'पायइनिट' नं सुरू होणारं, दिसलं तर ती पायथनची सी एक्स्टेन्शन आहे. तिची फंक्शनं आतल्या वेगळ्या टेबलात असतात, ती इम्पोर्ट करून डिर चालवा. डीएलएल-गेट-क्लास-ऑब्जेक्ट दिसलं तर ती कॉम (विंडोजवर प्रोग्रामचे भाग एकमेकांना जोडण्याची पद्धत) लायब्ररी आहे, तिची टाइप लायब्ररी, म्हणजे सह्यांची सोबतची नोंद, शोधा. 'जावा' नं सुरू होऊन अंडरस्कोरनं जोडलेली लांबलचक नावं असतील तर ती जावामधून बोलावण्यासाठी आहेत, आणि त्या नावातच पॅकेज, क्लास व मेथड लिहिलेली असते. आणि एकच 'गेट-इंटरफेस' छापाचं फंक्शन असेल तर ते बहुधा फंक्शन पॉइंटरांचा (फंक्शनांच्या मेमरीतल्या पत्त्यांचा) एक तक्ता परत देतं. तिथून पुढे डीबगरशिवाय (चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघण्याच्या साधनाशिवाय) जाता येत नाही.

विचित्र नावं वाचायला शिका

सी++ चा कंपायलर एकाच नावाच्या अनेक फंक्शनांना वेगळं ओळखता यावं म्हणून नावातच प्रकार कोंबतो. जीसीसी आणि क्लँगच्या पद्धतीत असं नाव दिसेल: _झेडएन५इमेज६रिसाइझईआयआय. सुरुवातीचं अंडरस्कोर-झेड ही खूण. एन म्हणजे नाव आत-आत आहे. मग ५ अक्षरांचं 'इमेज', ६ अक्षरांचं 'रिसाइझ' (मोजणी रोमन अक्षरांची), ई म्हणजे नाव संपलं, आणि दोन आय म्हणजे दोन इंट. थोडक्यात, इमेज क्लासमधलं रिसाइझ, दोन पूर्णांक घेणारं. हे हातानं सोडवायची गरज नसते, सी++फिल्ट ही आज्ञा ते करते. पण एकदा हातानं सोडवून बघा, मग लांब नावं बघून घाबरायला होत नाही.

यात एक उणीव लक्षात ठेवा: साध्या फंक्शनचा परतीचा प्रकार या नावात नसतो. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत नाव प्रश्नचिन्हानं सुरू होतं आणि तिथे परतीचा प्रकारही मिळतो. ते उलगडायला अनडीनेम वापरा.

साध्या सीच्या फंक्शनांना हे भाग्य नाही, तिथे नाव म्हणजे फक्त नाव. एक अपवाद आहे: जुन्या ३२-बिट विंडोजमधली एसटीडीकॉल ही कॉल करण्याची पद्धत. तिथे नावाच्या शेवटी @८ असं काही दिसलं तर आर्ग्युमेंट मिळून ८ बाइट लागतात, म्हणजे बहुधा दोन.

सही शोधणं

इथून पुढे सरावाची गरज आहे. सराव अशा लायब्ररीवर करा जिचं डॉक्युमेंटेशन जगात आहे, पण ते मिटून ठेवा. आधी स्वतः शोधा, मग उघडून ताडून बघा. मी प्रत्येकाला झेडलिब ही डेटा दाबून लहान करणारी लायब्ररी सुचवतो. ती जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते, छोटी आहे आणि तिची उत्तरं तपासता येतात.

तिची यादी काढली की 'सीआरसी३२' हे नाव दिसेल, डेटात बिघाड झाला का ते ओळखायला त्याची तपासणी-संख्या काढणारं फंक्शन. ऑब्जडम्प -डी चालवून त्याचा कोड बघा, नाहीतर घिड्रामध्ये उघडा. घिड्रा हे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं केलेलं साधन आहे, मोफत आणि ओपन सोर्स. त्याचा डीकंपायलर मशीन कोडवरून सीसारखा मजकूर तयार करतो.

वाचताना एकच गोष्ट पाठ हवी. ६४-बिट इंटेल लिनक्सवर पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर आर्ग्युमेंट या क्रमानं रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या जागांत) येतात: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९. ६४-बिट विंडोजवर पहिले चार: आरसीएक्स, आरडीएक्स, आर८, आर९. दशांश संख्या एक्सएमएम रजिस्टरमधून जातात. परतीचं उत्तर पूर्णांक किंवा पॉइंटर असेल तर आरएएक्समध्ये येतं. फंक्शननं यांपैकी एखाद्या रजिस्टरमध्ये काही लिहिण्याआधीच ते वाचलं, तर ते आर्ग्युमेंट आहे. सगळी युक्ती एवढीच.

आता सीआरसी३२ कडे बघा. झेडलिबच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हे फंक्शन इतकं छोटं असतं की दचकायला होतं. बहुतेकदा कामाच्या दोनच ओळी असतात: ईडीएक्सची (आरडीएक्सच्या खालच्या ३२ बिटांची) किंमत ईडीएक्समध्येच टाका, आणि सीआरसी३२_झेड या दुसऱ्या फंक्शनवर उडी मारा. पहिली ओळ निरर्थक वाटते. स्वतःची किंमत स्वतःतच कशाला टाकायची? पण या प्रोसेसरवर ३२-बिट रजिस्टरमध्ये काही लिहिलं की त्याचा वरचा अर्धा भाग शून्य होतो. म्हणजे ही ओळ तिसऱ्या आर्ग्युमेंटची वरची बाजू साफ करते आहे. यावरून दोन गोष्टी कळल्या: तिसरं आर्ग्युमेंट आहे, आणि ते चिन्ह नसलेलं ३२-बिटचं आहे. बहुधा लांबी. आरडीआय आणि आरएसआयला हात लावलेला नाही, ते जसेच्या तसे पुढे जातात. सीआरसी३२_झेड उघडलं की दिसतं, आरएसआयमधल्या पत्त्यावरून बाइट वाचले जातात. म्हणजे दुसरं आर्ग्युमेंट पॉइंटर. पहिलं उरलं ते सुरुवातीची किंमत.

हेडर न बघता एवढं कळलं. आता हेडर उघडा आणि ताडा. तिथे नेमकं हेच लिहिलेलं सापडतं तेव्हा जो विश्वास येतो, तो पुढे खऱ्या अनोळखी फाइलवर उपयोगी पडतो.

घिड्रा आर्ग्युमेंटची संख्या स्वतःही सुचवतो, पण ते त्याचं अनुमान असतं. न वापरलेलं आर्ग्युमेंट त्याला दिसत नाही, दशांश आर्ग्युमेंट कधीकधी सुटतं. म्हणून मी फंक्शनच्या आत बघण्याइतकंच ते कुठून बोलावलं जातं तिथे बघतो. बोलावणारा काय भरतो आणि उत्तराचं पुढे काय करतो, शून्याशी तुलना करतो की पॉइंटरसारखं वापरतो, यातून प्रकार उघडे पडतात.

आणि सुरुवातीला जपून ठेवायला सांगितलेला तो चालता प्रोग्राम आता काढा. जीडीबी या डीबगरमध्ये तो चालवा, हव्या त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबण्याची खूण) लावा आणि थांबल्यावर रजिस्टर छापा. आरडीआयमधली किंमत पत्त्यासारखी दिसली तर तिथे काय आहे ते मजकूर म्हणून छापून बघा. फाइलचा मार्ग, पोर्टचं नाव, आवृत्तीचा आकडा असं काहीतरी सरळ समोर येतं. विंडोजवर हेच काम एक्स६४डीबीजी करतं. तासभर डिसअसेंब्ली वाचून जे कळत नाही ते इथे दहा मिनिटांत कळतं.

पहिला कॉल

पहिला कॉल सी++ मधून करू नका, पायथनच्या सीटाइप्स या सीची फंक्शनं बोलावणाऱ्या मॉड्यूलमधून करा. चूक झाली तर दुरुस्त करून लगेच पुन्हा चालवता येतं. आणि नेहमी वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये करा, म्हणजे कोसळलीच तर तेवढीच कोसळेल.

सीटाइप्सच्या सीडीएलएलला लायब्ररीचं नाव द्या आणि सीआरसी३२ ला तीन गोष्टी पाठवा: ०, एक ते नऊ हे अंक सलग असलेली बाइट-स्ट्रिंग, आणि लांबी ९. अंक रोमनच टाका, देवनागरी अंकांचे बाइट वेगळे असतात. या नऊ अक्षरांचं सीआरसी३२ चं उत्तर ठरलेलं आहे: हेक्समध्ये सीबीएफ४३९२६, दशमानात ३४२१७८०२६२. पण तुमच्या पडद्यावर −८७३१८७०३४ येईल.

इथे बरेच जण सही चुकली म्हणून परत डिसअसेंब्लीकडे जातात. सही बरोबर आहे. सीटाइप्सला परतीचा प्रकार सांगितला नाही तर तो चिन्हासकटचा ३२-बिट इंट धरतो, आणि तेच बिट ऋण संख्या म्हणून वाचतो. त्या संख्येत ४२९४९६७२९६ मिळवा, बरोबर उत्तर येतं. फंक्शनच्या रेसटाइपला (परतीचा प्रकार सांगायची जागा) अनसाइन्ड लाँग दिलं की प्रश्न मिटतो.

संख्येच्या बाबतीत हे निभावतं. पॉइंटरच्या बाबतीत नाही. झेडलिब-व्हर्जन नावाचं फंक्शन काहीही न देता बोलावून बघा. एक अर्थहीन आकडा येतो, आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली की बहुधा वेगळाच येतो. चालवण्यागणिक बदलणारा आकडा म्हणजे पत्ता, ही ओळखायची सवय लावा. तो ६४-बिटचा पत्ता ३२-बिटमध्ये कापला गेलेला आहे. तो तसाच दुसऱ्या फंक्शनला दिलात तर प्रोग्राम पडेल. रेसटाइपला कॅरेक्टर पॉइंटर सांगा, आवृत्तीचा मजकूर छापला जाईल. आर्गटाइप्सही (आर्ग्युमेंटचे प्रकार) कायम भरा, अगदी एका ओळीच्या प्रयोगातही.

कोणतं फंक्शन आधी बोलवायचं यालाही क्रम आहे. काही न घेणारी आणि फक्त माहिती देणारी आधी: व्हर्जन, एरर-मेसेज, काउंट. मग उघडणारी आणि बंद करणारी जोडी. लिहिणारी, पुसणारी आणि हार्डवेअरला हलवणारी सगळ्यात शेवटी, आणि तीही तुटलं तरी चालेल अशाच गोष्टीवर.

बफर आणि मेमरी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक चूक म्हणून दिसत नाही. एका मोजमापाच्या उपकरणासोबत आलेल्या लायब्ररीत वाचणारं एक फंक्शन होतं. दोन आर्ग्युमेंट, एक हँडल (उघडलेल्या उपकरणाची ओळख) आणि एक बफर (उत्तर लिहून घ्यायला दिलेली मेमरी). लांबी मागतच नव्हतं. मी ६४ बाइट दिले, आकडे बरोबर आले, आठवडाभर सगळं नीट चाललं. मग प्रोग्राम भलत्याच ठिकाणी पडायला लागला, कधी फाइल बंद करताना, कधी स्ट्रिंग जोडताना. तीन दिवसांनी कळलं की ते फंक्शन दर वेळी २५६ बाइट लिहीत होतं आणि शेजारची मेमरी खराब करत होतं. ते आठवडाभराचे आकडे पुन्हा मोजावे लागले.

तेव्हापासून मी अनोळखी फंक्शनला कधीही मोजका बफर देत नाही. ६४ हवे वाटले तर ४०९६ देतो, आणि तो आधी हेक्समधल्या एए या बाइटनं पूर्ण भरतो. कॉल झाल्यावर शेवटून पुढे येत बघतो, एए कुठपर्यंत टिकले आहेत. जिथे बदल थांबतो तिथपर्यंत फंक्शननं लिहिलं. मग तेच ५५ नं भरून पुन्हा, कारण फंक्शननं खरोखरच एए लिहिला असेल तर पहिल्या वेळी तो दिसणार नाही. वेगवेगळ्या इनपुटवर हे करा, कारण लांबी इनपुटवर अवलंबून असू शकते.

फंक्शन स्वतः मेमरी घेऊन पॉइंटर परत देत असेल तर ती मोकळी कोणी करायची? उत्तर बहुधा नावांच्या यादीतच असतं. क्रिएट असेल तर डिस्ट्रॉय शोधा, ओपनला क्लोज, अ‍ॅलॉकला फ्री. अशी जोडी असेल तर तीच वापरा. स्वतःच्या फ्रीनं ती मेमरी सोडू नका. विंडोजवर लायब्ररी आणि तुमचा प्रोग्राम वेगवेगळे सी रनटाइम वापरत असतील तर दोघांचे हीपही (मेमरी जिथून घेतली जाते ते साठे) वेगळे असू शकतात. जोडी नसेल तर तेच फंक्शन एक लाख वेळा बोलवा आणि प्रोसेसची मेमरी बघा. ती वाढतच गेली तर मोकळं करणं तुमच्याकडे आहे, किंवा लायब्ररीतच गळती आहे. स्थिर राहिली तर तो पॉइंटर लायब्ररीच्या आतल्या कायमच्या जागेचा असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मजकूर लगेच आपल्याकडे कॉपी करून घ्या, पुढच्या कॉलनंतर तिथे दुसरंच काही असेल.

नोंदवही

प्रत्येक फंक्शनसाठी एक नोंद ठेवा: नाव, सही, आणि ती कशावरून ठरवली. 'डीबगरमध्ये पाहिलं', 'नावावरून', 'घिड्राचं अनुमान', 'ठरलेल्या उत्तराशी ताडलं'. या चार नोंदींचं वजन सारखं नाही, आणि सहा महिन्यांनी काही बिघडलं की आधी नावावरून ठरवलेल्यांकडे जायचं हे त्यातूनच कळतं. नोंदीच्या माथ्यावर फाइलचा एसएचए-२५६ (आतला मजकूर बदलला की बदलणारा ठसा) लिहा, नुसता आवृत्तीचा आकडा पुरत नाही. तोच आकडा ठेवून आतली फाइल बदललेली मी पाहिली आहे.

मग या सगळ्या फंक्शनांभोवती स्वतःचं एक पातळ मॉड्यूल लिहा, म्हणजे बाकीचा कोड लायब्ररीला थेट हात लावणार नाही. हे मॉड्यूल सुरू होताना आधी फाइलचा एसएचए-२५६ नोंदीशी जुळवतं, मग एक ठरलेलं उत्तर असलेला कॉल करून बघतं, सीआरसी३२ ला दिले तसे नऊ अंक. दोन्हींपैकी एक जरी जुळलं नाही तर ते तिथेच थांबतं आणि कोणती गोष्ट जुळली नाही ते छापतं.